पायरीवर बसलेला विश्वस्त

प्रफुल्ल गांगुर्डे यांना लोकांच्या चुका काढायचा मनापासून कंटाळा होता, आणि उभं आयुष्य त्यांनी तेच काम करून पोट भरलं होतं. विमा कंपनीच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाल्यावर कळव्याच्या घरात खिडकीपाशी खुर्ची टाकून राहिलेली पुस्तकं वाचावीत, एवढाच त्यांचा बेत होता. पण ठाण्याच्या एका प्रतिष्ठानाने त्यांना गाठलं. आरोग्याचं काम करणाऱ्या लहान संस्थांना हे प्रतिष्ठान मदत करायचं. मदत देण्याआधी संस्थेत निर्णय कोण घेतं, कोण कोणाला जाब देतं, हे कोणीतरी जाऊन बघून यावं लागायचं. प्रफुल्ल जायचे, बघायचे, चार पानांचा अहवाल द्यायचे आणि पुढे आठवडाभर आपण कोणावर अन्याय तर केला नाही ना, म्हणून झुरत बसायचे.

या वेळी कागदावरचं नाव वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. सोबती रुग्णसाहित्य मंडळ, डोंबिवली पूर्व.

"हे मला नको देऊस, अद्वय," ते म्हणाले. अद्वय हा प्रतिष्ठानातला तरुण अधिकारी. "माझे वडील या मंडळाचे विश्वस्त होते. अगदी पहिल्यापासून."

"होते म्हणजे?"

"वारले. आठ-नऊ वर्षं झाली."

"मग कसला प्रॉब्लेम, काका? गेलेल्या माणसाचा काय इंटरेस्ट असणार? फॉर्मवर तसं लिहून द्या आणि जाऊन या. शीळफाट्याचं ट्रॅफिक बघून डोंबिवली म्हटलं की सगळे आजारी पडतात."

प्रफुल्लनी तसं लिहून दिलं. 'माझे वडील कै. दगडू गांगुर्डे हे मृत्यूपर्यंत विश्वस्त होते.' लिहिताना त्यांना वाटलं, आपण जावं की नाही हे आपल्याला नीट कळत नाही आणि जायची इच्छा मात्र फार आहे. अशा वेळी माणसाने जाऊ नये. पण ते गेले.

रविवारी सकाळी बस शीळफाट्याला अडकली ती अडकलीच. ट्रकांच्या रांगेकडे बघताना त्यांना याच रस्त्यावरचा एक टेम्पो आठवला. मंडळाचा पहिला लोखंडी पलंग ठाण्यातल्या एका बंद पडलेल्या नर्सिंग होममधून मिळाला होता. तो टेम्पोत हलू नये म्हणून दगडूने आपल्या पोरालाच वर बसवलं. तेव्हा फाट्यावर चहाची एक टपरी होती आणि दोन्ही अंगांना भातखाचरं. दवाखान्याच्या पलंगावर बसून, मांडीवर पुस्तक उघडं टाकून प्रफुल्ल वाऱ्यात डोंबिवलीपर्यंत आला होता. पुस्तक कोणतं ते आता आठवत नव्हतं. पलंगाचा दांडा फिरवला की पाठीकडचा भाग वर यायचा. बाप मागे उभा राहून मधूनच दांडा फिरवायचा, पोराच्या मांडीवरचं पुस्तक नाकाला टेकायचं आणि बाप हसायचा, तेवढं आठवत होतं.

दगडू रंगाच्या कारखान्यात फिटर होता. त्या आठवड्यात कारखान्यात कोणता रंग चाललाय ते त्याच्या नखांवरून घरात कळायचं. एकदा त्याच्या पाळीतला एक जण शिडीवरून पडला, कंबरेतून गेला. त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या घरी न्यायला काही साधन नव्हतं. दगडू आणि त्याच्याच पाळीतला कुंडलिक पाटील या दोघांनी त्याला लुगड्याने खुर्चीला बांधून वर नेलं. तिथून हे मंडळ निघालं. चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, हवेची गादी. ज्याला जे हवं ते न्यायचं आणि काम झालं की परत आणून द्यायचं.

मंडळाची जागा तीच होती. चार मजली, लिफ्ट नसलेली सोसायटी, तळमजल्यावर एक लांबट खोली आणि तिच्या दाराशी दगडी पायरी. इमारतीला नवा गुलाबी रंग लागला होता. पायरी मात्र मधोमध झिजलेली, होती तशीच.

त्या पायरीपाशी प्रफुल्ल जरा थांबले. त्यांच्या आजीला पाठीला जखमा झाल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. मंडळाकडे हवेची गादी एकच आणि मागणारे दोघे. एक दगडूची आई, दुसरा कोपरकडचा कोणी अनोळखी माणूस. सभा सुरू झाली तसा दगडू उठून बाहेर आला आणि या पायरीवर बसला. शेजारी प्रफुल्ल. खिशातल्या शेंगा काढून बाप एकेक सोलत होता.

"बाबा, तुम्ही आत सांगा ना, आजीला द्या म्हणून."

"आपल्या घरचं असलं की आत बसायचं नाही," दगडू म्हणाला. त्यानंतर निर्णय होईपर्यंत तो अवाक्षर बोलला नाही.

गादी कोपरला गेली. दगडूने कारखान्याबाहेरच्या गॅरेजमधून ट्रकची जुनी ट्यूब आणली, तिच्यावर गोधडी अंथरली आणि आईला तिच्यावर निजवलं. आईने त्याला चार दिवस शिव्या दिल्या.

"अरे, आत ये की. पायरी काय बघतोस, ती कुठं जात नाय." आतून आवाज आला. कुंडलिककाका. ऐंशी ओलांडलेले, शीळेकडच्या गावचे, अंगावर तोच पांढरा सदरा. मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी प्रफुल्लच्या पाठीवर थाप मारली आणि हात तिथेच राहू दिला. "बारीक झालास. पुस्तकं वाचून कोण जाडा होतो म्हणा."

आत डेटॉलचा आणि गंजाचा मिळून तोच वास होता. सेक्रेटरी कलावतीबाई सामंत, निवृत्त मुख्याध्यापिका, कागद लावत बसल्या होत्या. खजिनदार साईनाथ पेडणेकर सत्तरीला टेकले होते, तरी मंडळात त्यांना अजून 'पोरगा' म्हणत. आणि भिंतीशी उभी पायल, मंडळाने ठेवलेली फिजिओथेरपिस्ट. ज्या मदतीसाठी प्रफुल्ल आले होते तो अर्ज तिनेच लिहिला होता. बिछान्याला खिळलेल्या माणसांना घरी जाऊन व्यायाम द्यायचा, त्यासाठी तीन वर्षांची मदत. अर्जावर कलावतीबाईंची सही होती, पण विश्वस्तांचा ठराव जोडलेला नव्हता. तो आजच्या सभेत व्हायचा होता.

सकाळभर प्रफुल्लनी सगळं तपासलं. कोणती वस्तू कुठे गेली आहे, परत कधी आली, धुतली कोणी, सगळं जागच्या जागी. कोणा विश्वस्ताच्या पाहुण्याला रांग मोडून खुर्ची गेली नव्हती. अशा स्वच्छ संस्था त्यांनी फार पाहिल्या नव्हत्या. त्यांचा जीव सुपाएवढा झाला आणि लगेच त्यांना स्वतःचाच संशय आला. आपण मुलगा म्हणून तर बघत नाही ना?

मग सभा लागली. गोलात सहा घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. प्रफुल्ल एका रिकाम्या खुर्चीवर टेकणार, तोच कलावतीबाई म्हणाल्या, "तिथे नको, ती डॉक्टरांची."

"कोण डॉक्टर यायचेत?"

"तुम्ही स्टुलावर बसा."

प्रफुल्ल स्टुलावर बसले. कलावतीबाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"कुंडलिक पाटील."

"हाय."

"साईनाथ पेडणेकर."

"येस."

"कलावती सामंत, आहे. डॉक्टर खांबेटे." बाईंनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाल्या, "आहेत. शांताबाई भोईर."

"आहे," साईनाथ म्हणाले.

"दगडू गांगुर्डे."

कुंडलिककाका उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. त्यांनी हात कपाळाशी नेला आणि म्हणाले, "जयभीम." मग घसा दोनदा खाकरून, जाड, जरा घोगऱ्या आवाजात त्यांनीच उत्तर दिलं, "रामराम कुंडलिक."

प्रफुल्लच्या अंगावर सरसरून काटा आला. दोघांची ती जन्माची थट्टा होती. कुंडलिक जयभीम घालायचा आणि दगडू रामराम. कारखान्याच्या फाटकात लोक थांबून ऐकायचे. पण काटा आला तो त्या आठवणीने नव्हे. तो आवाज हुबेहूब होता. बोलण्याआधी दोनदा खाकरणं, कुंडलिकमधल्या 'कुं'वर जरासं अडखळणं. मोबाइलमध्ये बापाचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. प्रफुल्ल आठ-नऊ वर्षं तो आठवायचा प्रयत्न करत होते आणि तो दरवेळी थोडा आणखी पुसट होत चालला होता. इथे तो दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बोलत होता.

"तुम्हाला विचित्र वाटेल," कलावतीबाई म्हणाल्या. "तिघं वर्ष-दीड वर्षात पाठोपाठ गेले. आमच्या घटनेत कोरम चारचा. उरलो तिघं. नवा विश्वस्त घ्यायचा तर त्यालाही चार हवेत. अडकलो."

"मी म्हटलं, एक सभा दगडू हाय असं धरा," कुंडलिककाका म्हणाले. "मग डॉक्टरने काय पाप केलंय? त्यालापण धरलं."

"आणि शांताबाई एकटी बाहेर राहिली असती तर तिने आम्हाला स्वप्नात येऊन झोडलं असतं," साईनाथ म्हणाले.

"पण मत?" प्रफुल्लनी हळूच विचारलं. "मतं कोण देतं?"

"ज्याला जो जास्त ठाऊक, तो त्याच्या वतीने," कलावतीबाई म्हणाल्या. "अगदी प्रामाणिकपणे बरं का. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझाच ठराव पाडला."

"कोणी पाडला?"

"डॉक्टरांनी. त्यांच्या वतीने मीच बोलत होते. पण काय करणार, ते तसंच म्हणाले असते."

साईनाथ गालात हसले. भिंतीजवळची पायल हसली नाही.

तिचा विषय निघाला. कलावतीबाईंचं मत होकारार्थी, डॉक्टरांचंही. साईनाथ स्वतः बाजूने, पण शांताबाईंच्या वतीने बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी मान हलवली. "शांताबाई नाही म्हणते. परक्या घरात तरण्या पोरीला एकटीला धाडू नका म्हणते."

"मी पण नाय," कुंडलिककाका म्हणाले. "आपलं काम सामान द्यायचं. माणसं धाडायची म्हणजे उद्या काय झालं तर जबाबदारी कोणाची? आणि दगडू..." ते खुर्चीकडे वळले, गुडघ्यावरून हात फिरवला, दोनदा खाकरले. "ते समदं ठीक. पण वर न्यायचं कोण? दिवसाला चार-चार जिने. पोरीचे गुडघे जातील, मग तिला कोण वर नेणार?"

'वर न्यायचं कोण?' हा दगडूचा ठेवणीतला प्रश्न. कोणी पलंग मागायला आला की दगडू आजार विचारायचा नाही, जिना विचारायचा. किती मजले, वळण किती अरुंद, दोघांना धरता येईल का? आणि प्रश्न विचारून झाला की तोच पलंगाचं एक टोक उचलायचा.

"कुंडलिक, तुम्ही सोयीचा दगडू बोलावता," कलावतीबाई म्हणाल्या. "हो म्हणायचं नसलं की तो येतो."

"आणि तुमचा डॉक्टर काय गैरसोयीचा हाय? तीन तीन झाली. अध्यक्षाचं जादा मत नाय. ठराव पडला."

"तिसऱ्यांदा," पायल म्हणाली. एवढं एकच बोलली आणि चहा आणायला मागे गेली.

कुंडलिककाका प्रफुल्लकडे वळले. "तूच सांग. तुझा बाप काय बोलला असता?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. घरातला दगडू त्यांना माहीत होता. नखं घासणारा, रेडिओ कानाशी धरणारा, पोराची पुस्तकं न वाचता त्यांना कव्हर घालणारा. सभेतला दगडू कुंडलिककाकांच्याच मालकीचा होता. "मला नाही सांगता येणार," ते म्हणाले आणि चहाच्या निमित्ताने उठले.

मागच्या अंगाला, वॉकरच्या ढिगाशेजारी पायल पेले भरत होती.

"सर, तुम्हाला एक विचारू? राग मानू नका, तुमचे वडील आहेत," ती म्हणाली. "जिवंत माणसांशी मला भांडता येतं. काकांशी मी रोज भांडते. मेलेल्या माणसांना कसं पटवू? त्यांना नवीन काही सांगताच येत नाही. ते ऐकतच नाहीत."

"त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे तुझ्याकडे? जिन्याच्या?"

"तीच तर गंमत आहे. मी कुणाला वर न्यायचं म्हणतच नाहीये. याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर हेमाआजी आहेत. आपला पलंग वर गेला, खुर्ची गेली, कमोड गेला. सगळं वर गेलं. आजी दोन वर्षं खाली उतरल्या नाहीत. मला त्यांना खाली आणायचंय, सर." तिने पेला पुढे केला. "ठाण्याच्या एका हॉस्पिटलने बोलावलंय मला. पगार बरा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. आज तिसऱ्यांदा पडला, आता म्हणेन बहुतेक."

प्रफुल्ल चहा घेऊन तिथेच उभे राहिले. अहवालात काय लिहायचं ते त्यांना लख्ख कळत होतं, हीच अडचण होती. निम्मे विश्वस्त मयत. सभांना कोरम नाही. इतक्या वर्षांतला एकही ठराव कायद्याने उभा राहणार नाही. असं लिहिलं की दुसऱ्या रविवारी त्या खुर्चीत कोणी खाकरणार नाही. आणि नाही लिहिलं तर? अद्वय काही हजेरीची वही मागवून बघणार नव्हता. हजेरीत सहा नावं, सहा खुर्च्या. दोन ओळी मोघम लिहिल्या असत्या तर बाप आणखी काही वर्षं बोलत राहिला असता. कधीतरी रविवारी येऊन ऐकता आला असता. त्यांना ते फार हवंसं वाटलं. त्यांनी चहा संपवला आणि पेला विसळून ठेवला.

ते परत येऊन स्टुलावर बसले.

"काका, एक विचारू? सभेत घरच्या माणसाचा विषय निघाला तर काय करायचं, अशी काही रीत आहे इथे?"

"हाय की. तुझ्या बापानेच पाडली. पायरीवर जाऊन बसायचं."

"अजून पाळता?"

"पाळतो म्हणजे?" साईनाथ म्हणाले. "माझ्या मेव्हण्याचं रंगकामाचं कोटेशन आलेलं तेव्हा भर मे महिन्यात मी बाहेर बसलेलो. टाळू भाजली. आणि काम त्याला मिळालं नाही ते वेगळंच."

"मी आज मंडळाची तपासणी करायला आलोय," प्रफुल्ल म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "आणि मी दगडू गांगुर्डेंचा मुलगा आहे."

कलावतीबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना आधी कळलं. साईनाथांना मग.

"म्हणजे बाबांना आज आत बसता येणार नाही. त्यांना पायरीवर जावं लागेल."

कुंडलिककाकांनी उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तू बापाला भाईर काढायला आलास व्हय?"

"मी नाही काढत, काका. ते आपणहून उठले असते, असं मला वाटतं. माझं चुकत असेल. तुम्ही त्यांच्या वतीने बोलता, तुम्हीच सांगा."

म्हातारा खुर्चीकडे वळला. त्याने गुडघ्यावरून हात फिरवला, एकदा खाकरला, दुसऱ्यांदा खाकरला. खोलीतले सगळे वाट बघत राहिले. आवाज आला तो त्याचा स्वतःचाच.

"उठला असता. मी थांब बोललो असतो तरी थांबला नसता हरामखोर."

त्याने उठून ती खुर्ची घडी केली. लोखंडावर लोखंड वाजलं. ती भिंतीला लावून ठेवताना मागे न वळताच त्याने विचारलं, "आणि परत आत कधी यायचं त्याने? तुझी तपासणी झाली की?"

हो म्हणणं किती सोपं होतं. तपासणी एका दिवसाची. पुढच्या महिन्यात खुर्ची पुन्हा उघडली असती.

"नाही, काका," प्रफुल्ल म्हणाले. "आता नाही."

मग त्यांनी आपण काय लिहिणार ते सांगितलं, कारण जे लिहायचं ते समोर सांगावं एवढा एक नियम त्यांनी नोकरीत कधी मोडला नव्हता. मंडळाचं काम चोख आहे. मदत द्यावी. पण आधी ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून गेलेल्या तिघांची नावं कमी करावीत, नवे विश्वस्त घ्यावेत, आणि त्यात रोज रुग्णांकडे जाणारं कोणीतरी असावं. शिवाय तपासणीही दुसऱ्या कोणीतरी येऊन पुन्हा करावी, कारण तपासणारा घरचाच निघाला. सांगताना ते दोनदा अडखळले, एकदा 'मयत'ऐवजी 'अनुपस्थित' म्हणाले आणि मग दुरुस्त केलं.

"मृत्यूचे दाखले लागतील," कलावतीबाई म्हणाल्या. "म्हणूनच तर आम्ही टाळलं. ते काय मला ठाऊक नव्हतं?" त्यांनी डॉक्टरांच्या खुर्चीकडे पाहिलं. "माणसाने आयुष्यात रविवारची सुटी घेतली नाही. गेल्यावरसुद्धा मी त्यांना राबवत राहिले. उठा आता, डॉक्टर."

साईनाथांनी विचारलं, "मग दगडूभाऊ बाहेर गेल्यावर तीन विरुद्ध दोन. पायलचा ठराव पास ना?"

"पास कसला, साईनाथ? तिघांचा कोरम होत नाही. पहिलीपासून शिकवायचं का तुला?"

"किती वेळ लागेल?" पायल दारातून म्हणाली.

"काही महिने," प्रफुल्ल म्हणाले. "जास्तही लागतील. मी खोटं सांगत नाही."

"सहीसाठी जिवंत माणसांची वाट बघायची असेल तर बघेन थोडी," ती म्हणाली. "पण धर्मादायचा अर्ज उद्या लिहायला घ्यायचा, बाई. पुढच्या रविवारी नाही."

"उद्या," कलावतीबाई म्हणाल्या.

आता अर्जाबद्दल बोलणं सुरू झालं. प्रफुल्लना एकदम जाणवलं की आपणही घरचेच आहोत. ते उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. दगड उन्हाने तापला होता. त्यांनी अद्वयला फोन लावला.

"अद्वय, मी फॉर्मवर चुकीचं लिहून दिलंय. माझे वडील अजून विश्वस्त आहेत."

"काका, तुम्ही तर म्हणालात ते गेले."

"गेलेच आहेत. आज इथे भेटले. सविस्तर लिहितो. पण दुसऱ्या कोणाला तरी पाठवावं लागेल तुला. ट्रॅफिकला न घाबरणारा बघ."

फोन ठेवला तेव्हा मागे काठी वाजली. कुंडलिककाका एका हाताने चौकट धरत, दुसऱ्या हाताने प्रफुल्लचा खांदा धरत शेजारी येऊन बसले.

"तुम्ही का बाहेर आलात? तुमचं घरचं कोण आहे?"

"दगडूचा विषय चाललाय आत," ते म्हणाले. "मी काय परका हाय?"

समोर सोसायटीच्या अंगणात कोणीतरी सतरंजी वाळत घातली होती. दोघं तिच्याकडे बघत राहिले.

"दाखला हाय तुझ्याकडे?"

"आहे. तेव्हा पेन्शनला, बँकेला लागतील म्हणून गठ्ठाभर झेरॉक्स काढल्या होत्या. बऱ्याच उरल्यात."

"एक आण. मी जाईन ठाण्याला. मीच देईन." काकांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "खांदा दिला त्याला मी. तरी पटलं नव्हतं."

प्रफुल्लना एक विचारायचं होतं. विचारावं की नाही, याचा त्यांनी बराच विचार केला. आत कलावतीबाई साईनाथांना काहीतरी समजावत होत्या. शेवटी ते म्हणाले, "काका, एकदा बाबांसारखं बोलाल? सभेत नाही. असंच, इथे. माझ्यासाठी."

कुंडलिककाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. गुडघ्यावर हात गेला, तिथेच थांबला.

"इथं नाय जमणार," ते म्हणाले. "तो पायरीवर बसला की बोलायचा नाय. मी पन्नास वेळा बघितलंय. शेंगा खायचा न् गप बसायचा."

खरंच होतं ते. प्रफुल्लना आठवलं. त्या दिवशी आजीच्या गादीचा निकाल लागेपर्यंत बाप त्या एका वाक्यानंतर एक शब्द बोलला नव्हता. फक्त प्रत्येक शेंगेतला एक दाणा स्वतःला आणि एक पोराला, अशी वाटणी चालली होती आणि टरफलं त्याच्या सदऱ्याच्या ओच्यात साठत होती. आवाजाच्या मागे लागून ही शांतता आपण विसरूनच गेलो होतो, असं त्यांना वाटलं. मग हेही फार पुस्तकी वाटलं आणि त्यांनी तो विचार सोडून दिला. ते नुसते बसून राहिले. शेजारी काकाही बसून राहिले.

मागून घडी केलेला वॉकर घेऊन पायल दारात आली.

"कुठं निघालीस?" कुंडलिककाकांनी विचारलं.

"चौथ्या मजल्यावर. हेमाआजींना आज एक जिना उतरवून बघते. याच बिल्डिंगमध्ये आहे काका, ठराव लागत नाही."

"एकटी?"

"त्यांचा मुलगा आहे घरी. मागून धरेल."

काकांनी घसा खाकरला. एकदाच. काहीतरी विचारणार होते, पण त्यांनी विचारलं नाही.

पायल वॉकर सावरत उभी होती. पायरी अरुंद होती. दोघांनी आपापले पाय आत घेतले आणि तिला वाट करून दिली.